झरीत दुपार किती वाजता होते?

दुपारी बाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, हे शिकलेली माणसं जितक्या खात्रीने सांगतात तितक्या खात्रीने कापसात खुरपणाऱ्या बाया कधीच सांगत नाहीत. त्यांचा हिशेब सावलीचा. सावली पायाशी आली की भाकरी सोडायची. परभणी-जिंतूर रस्त्यावरचं झरी हे माझं माहेर, आणि मुलं विज्ञान कसं समजून घेतात हा माझ्या संशोधनाचा विषय. या दोन्ही गोष्टी एकत्र येतात त्या आमच्या अंगणात.

डिसेंबरच्या सुट्टीत गल्लीतली मुलं जमली की एक मीटरची काठी रोवायची, ओळंबा लावून ती सरळ उभी आहे ना ते पाहायचं. अकराला सावलीच्या टोकापर्यंत दोरी ताणून काठीभोवती वर्तुळ आखायचं आणि मग दर दहा मिनिटांनी टोकाशी खडा ठेवायचा. सातवीतला एक मुलगा खड्यांकडे पाहत म्हणाला, “ताई, बारा वाजून गेले तरी सावली अजून कमीच व्हायली!” पोरं घड्याळावर शंका घेऊ लागली. पावणेदोनच्या सुमाराला सावली पुन्हा वर्तुळाला टेकली. दोन्ही वेळांचा मध्य काढला तर तो साडेबाराच्या थोडा अलीकडे येतो. ती झरीची खरी दुपार. वर्तुळावरच्या त्या दोन खुणांच्या मधला बिंदू काठीला जोडला की उत्तर दिशाही मिळते. उभ्या काठीची, म्हणजे शंकूची, ही रीत आपल्याकडच्या जुन्या ज्योतिर्विदांना चांगली ठाऊक होती.

भारताचं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर चालतं. झरी त्याच्या पश्चिमेला, पावणेसत्त्याहत्तर अंशांच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य आमच्याकडे सुमारे तेवीस मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेली असल्यामुळे ही वेळही वर्षभर सरकते: नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा वाजून सात मिनिटांच्या आसपास, फेब्रुवारीच्या मध्याला साडेबाराच्या पुढे.

आणि ‘बरोबर डोक्यावर’? ते वर्षातून दोनदाच, मे महिन्याच्या तिसऱ्या आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. २२ डिसेंबरला मीटरभर काठीची भरदुपारची सावली ९२ सेंटिमीटरच्या आसपास असते. २१ जूनला जेमतेम सात, आणि तीही दक्षिणेकडे! मला हे फार मोलाचं वाटतं, कारण इथे मुलाला कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही. अडचण एवढीच की मे महिन्यात शाळा बंद असते आणि जुलैत आभाळ भरलेलं.

आता माझ्या लिखाणाविषयी. शोधनिबंधात हाच प्रसंग ‘सहभागींच्या स्थानिक मध्यान्हविषयक संकल्पना नोंदवण्यात आल्या’ असा होतो, तोही इंग्रजीत. नमुना, पद्धत, निष्कर्ष हे सगळं हवंच, त्याशिवाय दुसऱ्या कुणाला काम तपासता येत नाही. पण त्या वाक्यात तो मुलगा नाही, त्याचा प्रश्न नाही, आणि झरीतल्या शिक्षकाच्या हाती तर काहीच लागत नाही.

भाषेचा हा अडसर नवा नाही. मुंबईत १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं. त्याचे पहिले संचालक वि. गो. कुलकर्णी यांनी पाठ्यपुस्तकांची अवघड भाषाच मुलांच्या आड येते, या मुद्द्यावर काम केलं. जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरात केंद्राने ग्रामीण शाळांबरोबर प्रकल्प चालवला. पुढे याच केंद्रात शमीन पडळकर आणि जयश्री रामदास यांनी हातवारे आणि शरीराच्या हालचालींतून खगोलशास्त्र कसं शिकवता येईल यावर संशोधन केलं. मुलांनी हात पसरून, स्वतःभोवती फिरून पृथ्वी समजून घ्यायची, ही कल्पना झरीच्या अंगणात पैसा न लागता राबवता येते. तरीही अशा कामातलं बरंचसं इंग्रजी नियतकालिकांत राहतं. पुण्याचं ‘शैक्षणिक संदर्भ’ किंवा मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका आहे, पण तिथे लिहिलेल्या लेखाला पदोन्नतीत वजन नाही, म्हणून तरुण संशोधक तिकडे वळत नाहीत. हे बदलायला हवं, असं मी ठामपणे म्हणते.

तोवर माझ्या क्षेत्रातल्या मंडळींना एक विनंती. ज्या गावात माहिती गोळा केली, तिथल्या शाळेला निबंध छापून आल्यावर दोन पानं मराठीत लिहून पाठवा. त्यात मुलांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत असू द्या, आणि वर्गात उद्या काय करून पाहता येईल तेही लिहा.