‘अमिग्डाला’ आणि वेदना

यंदाच्या वैशाख पौर्णिमेच्या अंकासाठी आमच्या परिवारांतील एका महाविद्यालयीन मुलीने लेख पाठविला होता. वसतिगृहात ओळख होताना एका भारतीय सहाध्यायीने तिला आडनाव विचारले. त्यावरून उलगडा होईना, तेव्हा मूळ गाव कोणते, आजोबा काय करीत, घरी कोणते सण पाळता, असे प्रश्न सुरू झाले. पुढे तिने एकच वाक्य लिहिले होते : ‘त्या क्षणी माझा अमिग्डाला हायजॅक झाला.’ त्या वाक्यापाशी आम्ही थांबलो.

हा शब्द आता आपल्या मुलांच्या बोलण्यात सहज येतो. अमिग्डाला म्हणजे मेंदूच्या दोन्ही बाजूंस, कानशिलांच्या आत खोलवर असलेला बदामाच्या आकाराचा पेशीसमूह. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही बदाम असाच आहे. विचार जागा होण्याआधीच धोक्याची सूचना शरीराचा ताबा घेते, ही ‘हायजॅक’ची कल्पना डॅनियल गोलमन यांच्या १९९५ सालच्या ‘इमोशनल इंटेलिजन्स’ या पुस्तकाने घरोघरी पोहोचविली.

परंतु ज्यांच्या संशोधनाचा या कल्पनेला मोठा आधार होता, त्या जोसेफ लेडू यांनीच पुढे सावध केले. अमिग्डाला धोका ओळखून धडधड, गोठून जाणे अशा प्रतिक्रिया सुरू करतो. ‘मला भीती वाटते’ ही जाणीव मात्र त्याहून निराळी आहे, असे त्यांचे म्हणणे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, दोन्ही बाजूंचा अमिग्डाला निकामी झालेल्या तीन रुग्णांनाही कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा हुंगताच तीव्र भय वाटले. तात्पर्य, ‘अमिग्डाला’ हा ‘भीती’चा समानार्थी शब्द नव्हे.

आपल्या परंपरेत याविषयी अधिक नेमका शब्द आहे. मराठीत ‘वेदना’ म्हणजे दुखणे. पालीत ती त्रिविध आहे : सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली. प्रतीत्यसमुत्पादाच्या साखळीत वेदनेच्या आधी ‘फस्स’, म्हणजे स्पर्श, येतो. त्यामुळे ‘वेदना’ म्हणताच पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो : स्पर्श कशाचा? ‘अमिग्डाला’ म्हटले की हा प्रश्न मागे पडतो, आणि बिघाड जणू आपल्याच कवटीत आहे असे वाटू लागते.

बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये १९०१ सालच्या प्रवासाची हकिकत सांगितली आहे. वडिलांना भेटायला निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरतात. ती महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरकतो. गाडीवाले दुप्पट भाडे मिळत असूनही गाडी हाकायला तयार होत नाहीत. जवळ शिदोरी असून वाटेत पाणी मिळत नाही. कोणी काय विचारले, काय नाकारले, हे क्रमाने येते. तेथे शास्त्रीय संज्ञेची गरज पडत नाही, कारण अन्याय कोठे घडला याचा पत्ता प्रत्येक वाक्यात आहे.

आम्ही विज्ञानाच्या विरोधात नाही. धम्माने आपल्याला चिकित्साच शिकविली. घाम फुटणे हा भ्याडपणा नसून शरीराची नैसर्गिक प्रतिक्रिया आहे, हे समजल्याने मुलांचा अपराधभाव कमी होतो, आणि तो लाभ लहान नाही. मेंदूविषयी लिहिताना अमिग्डाला अवश्य लिहावा. परंतु अपमानाविषयी लिहिताना अपमान हाच शब्द लिहावा. अपमानाला मेंदूतील घटना ठरविले, तर त्यावरचा उपायही दीर्घ श्वास घेण्यापुरता उरतो आणि प्रश्न विचारणारा नामानिराळा राहतो.

आम्ही त्या मुलीला एवढेच विचारले, ‘बेटा, त्या क्षणी नक्की काय झाले?’ आठवड्याने नवा मजकूर आला : ‘माझे हात गार पडले. मला राग आला, आणि मी खोटे गाव सांगितले. रात्री त्याचीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी तिला खरे गाव सांगितले आणि विचारले, तुला हे का जाणून घ्यायचे होते?’

लेख आम्ही याच रूपात छापला आहे.