डोंगर उचलणाऱ्या हाताची सकाळ

नवी मुंबईच्या विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 पासून विमानं उडू लागली. पण त्याआधी तिथे काय होतं, ओळखा पाहू!

डोंगर! उलव्याचा डोंगर. सुमारे 90 मीटर उंच. म्हणजे तीसमजली इमारतीएवढा!

मग तो गेला कुठे? सुरुंग लावून फोडला, पोकलेनने उचलला, डंपरमध्ये भरला आणि शेजारच्या सखल, दलदलीच्या जमिनीवर भराव म्हणून टाकला.

पोकलेन तुम्ही पाहिलंच असेल. लांब हाताचं ते धूड! एवढा जड लोखंडी हात वर कोण उचलतं? सांगा बरं!

तेल! हो, चक्क तेल!

रंगपंचमीची पिचकारी आठवा. आपण दट्ट्या ढकलतो आणि पाणी सुर्रकन उडतं. इथे उलटं. तेल जोरात येतं आणि दट्ट्यालाच ढकलतं. की उचलला हात! मोठ्या पोकलेनमध्ये या तेलाचा दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास दीडशे पट असतो. बाप रे!

म्हणून रोज सकाळी चावी फिरवण्याआधी ऑपरेटरकाका यंत्राभोवती फेरी मारतात. खाली तेलाचा डाग आहे का? चाकांभोवतीची चेन सैल झाली का? हाताच्या टोकाच्या बकेटचा एखादा दात पडला का? हो, बकेटला दात असतात, आणि झिजले की नवे बसवतात!

मग हाताच्या सांध्यांत ग्रीस. दाराची बिजागरी तेलावाचून कशी कुरकुरते? तसंच हे. नवं ग्रीस आत गेलं की जुनं, काळं, वाळूने भरलेलं ग्रीस कडेने हळूच बाहेर येतं. अगदी कानातला मळ!

आता माझी सगळ्यात लाडकी गोष्ट. तेलाच्या पाइपला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं, तर काय होईल? तेलाची धार इतकी बारीक असते की डोळ्यांना दिसतही नाही. पण बोट लावलं, तर ती कातडीतून थेट आत घुसते! मग तातडीने शस्त्रक्रियाच. म्हणून काका हात कध्धीच लावत नाहीत. हातमोजे, चष्मा घालून खोक्याचा पुठ्ठा पाइपजवळून फिरवतात. पुठ्ठ्यावर ओला ठिपका उमटला? सापडला चोर! इंजिन बंद, दाब कमी, पाइप नवा.

आणि या यंत्राचं वय कशात मोजतात, माहितेय? वर्षांत नाही, किलोमीटरमध्येही नाही. तासांत! काकांच्या केबिनमध्ये तास मोजणारं मीटर असतं. अनेक यंत्रांत 250 तास भरले, की सर्व्हिसिंगची पाळी. जशी आपली चाचणी परीक्षा!

खंडेनवमीला, म्हणजे अवजारांच्या पूजेच्या दिवशी, मात्र यंत्राला धुऊनपुसून झेंडूची माळ. बकेटच्या दातांनाही हळदकुंकू!