सहा बाइटांची खूण

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, टेंभली गावात, देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्या कार्यक्रमाला आले होते. तेव्हापासून बोट काचेवर ठेवायचं आणि उत्तराची वाट पाहायची, हे जिल्ह्यातल्या माणसांच्या अंगवळणी पडलं आहे. रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनपुढे तर दर महिन्याला. काचेपासून उत्तरापर्यंतच्या प्रवासात एक टप्पा असा आहे, ज्याबद्दल क्वचितच कोणी बोलतं. तिथे ठशाची माहिती एका संगणकभाषेतून दुसऱ्या भाषेच्या हाती जाते.

दोन भाषा लागतात, कारण कामंच दोन प्रकारची आहेत. स्कॅनर चालवणारा आणि ठसा वाचणारा भाग बहुतेक वेळा सी किंवा सी++मध्ये लिहिलेला असतो. तिथे वेग हवा असतो आणि यंत्राच्या मेमरीला थेट हात घालावा लागतो. डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्समध्ये सी घडवली ती अशाच कामासाठी. अँड्रॉइडच्या पडद्यावर दिसणारं ॲप मात्र जावा किंवा कोटलिनमध्ये असतं.

या दोघांमध्ये जातं काय? आधारच्या पडताळणीत ठसा मांडण्याची एक पद्धत आयएसओ १९७९४-२ या आंतरराष्ट्रीय मानकात सांगितलेली आहे. त्यात बोटाचं चित्र नसतं, फक्त खुणा असतात: ठशावरची रेघ जिथे संपते किंवा जिथे तिला फाटा फुटतो, त्या जागा. प्रत्येक खुणेला सहा बाइट मिळतात. आडव्या जागेसाठी दोन (खुणेचा प्रकार त्यांतच बसवलेला), उभ्या जागेसाठी दोन, दिशेसाठी एक आणि दर्जासाठी एक. दिशेला एकच बाइट असल्यामुळे ३६० अंशांचे २५६ भाग पडतात, म्हणजे एक भाग १.४ अंशांहून जरा मोठा असतो आणि त्याहून बारीक फरक टिपता येत नाही. या खुणांआधी २४ बाइटांचा मथळा असतो, मग बोटाविषयी चार बाइट, आणि त्या चारांतला शेवटचा सांगतो की पुढे खुणा किती आहेत.

रेशन कार्डाची मांडणी अशीच असते. आधी कार्डाचा क्रमांक, कुटुंबप्रमुखाचं नाव, सदस्यांची संख्या आणि मग सदस्यांची यादी. प्रोग्रामर अशा एकत्र बांधलेल्या माहितीला ‘स्ट्रक्ट’ म्हणतात आणि आतल्या यादीला ‘ॲरे’. स्ट्रक्टमध्ये नुसते सुटे आकडे असतील तर ते भाषेची सीमा सहज ओलांडतात. आत ॲरे आला की दोन भाषांच्या समजुती वेगळ्या निघतात.

सीमध्ये ॲरे स्ट्रक्टच्या पोटातच, सलग मेमरीत ठेवता येतो. त्याची लांबी त्याच्यासोबत प्रवास करत नाही. ती प्रोग्रामरने वेगळी लक्षात ठेवायची. जावात ॲरे ही स्वतंत्र वस्तू आहे. ती आपली लांबी जाणते, दुसरीकडेच कुठेतरी राहते आणि कचरा गोळा करणारी यंत्रणा तिला मध्येच हलवूही शकते. म्हणून १९९७ साली जेडीके १.१सोबत आलेल्या जेएनआय या पुलावरून सीने जावाचा ॲरे मागितला, तर कधी मूळ ॲरे जागेवर रोखून दिला जातो, कधी त्याची प्रत मिळते. काम संपल्यावर तो परत करावाच लागतो. प्रत मिळाली असेल आणि ती परत करायची राहिली, तर सीने लिहिलेलं जावापर्यंत पोहोचतच नाही.

याहून फसवी गोष्ट आहे मोकळ्या जागांची. समजा, सीमध्ये खूण उलगडून अशी ठेवली: प्रकाराला एक बाइट, आडव्या आणि उभ्या जागेला दोन-दोन, दिशेला एक, दर्जाला एक. बेरीज सात. सीचा कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर मात्र आठ बाइट घेतो, कारण दोन बाइटांचा आकडा सम पत्त्यावर सुरू व्हावा म्हणून तो पहिल्या बाइटनंतर एक जागा रिकामी सोडतो. पलीकडच्या प्रोग्रामने सात-सात बाइट मोजत यादी वाचली तर पहिल्याच खुणेपासून गोंधळ सुरू होतो आणि चाळिसावी खूण तो ३९ बाइट आधीच शोधू लागतो.

बाइटांचा क्रम हा आणखी एक सापळा. ठशाचं आयएसओ मानक मोठा बाइट आधी लिहितं. आपल्या फोनमधले प्रोसेसर लहान बाइट आधी ठेवतात. चाळीस खुणांच्या एका बोटाच्या नोंदीची लांबी, शेवटचे जादा माहितीसाठीचे दोन बाइट धरून, २७० बाइट भरते. तीच लांबी उलट्या क्रमाने वाचली तर २३,४९,४६,५६० होते. इतका अवाढव्य आकडा दिसला की प्रोग्राम लगेच कोसळतो, आणि खरं सांगायचं तर ही चूक त्यातल्या त्यात बरी, कारण ती लपत नाही.

मला काळजी वाटते ती न कोसळणाऱ्या चुकांची. खुणा सरकल्या, तरी त्या आकडेच असतात. जुळवणी करणारा प्रोग्राम ते निमूटपणे घेतो, तुलना करतो आणि कमी गुण देतो. आधारच्या पडताळणीत पाठवलेल्या माहितीची बाह्य रचना बिघडली असेल तर ५११ हा वेगळा त्रुटी-क्रमांक येतो. रचना नीटनेटकी आणि आतले आकडे चुकीचे असतील, तर मात्र येतो ३००: बायोमेट्रिक जुळलं नाही. मिरचीचे देठ खुडून किंवा गुजरातेत ऊस तोडून रेघा झिजलेल्या बोटालाही हाच क्रमांक मिळतो. दुकानदाराला फरक कळण्याचा मार्ग नाही, आणि दोष हाताच्या माथी बसतो. ज्याचं धान्य त्या उत्तरावर अवलंबून आहे, त्याला हा फरक किती मोठा आहे हे वेगळं सांगायला नको.

म्हणूनच कंपन्यांच्या खासगी रचनांऐवजी खुलं मानक घेण्याचा आधारचा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. बाइटनिहाय लिहिलेली रचना कोणीही तपासू शकतो. नंतर नोंदणीकृत उपकरणं सक्तीची झाली आणि ठसा उपकरणाच्या सेवेतच कूटबद्ध होऊ लागला. त्यामुळे ॲपच्या हाती आता उघडा ठसा येत नाही. पण स्कॅनर चालवणारा ड्रायव्हर आणि ती सेवा यांच्यामधली भाषेची सीमा अनेकदा ओलांडावी लागते.

ती ओलांडण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय साधा आहे: उलगडलेला स्ट्रक्ट पलीकडे पाठवूच नये. मानकातली मूळ नोंद बाइटांचा एक सरळ ॲरे म्हणून द्यावी आणि प्रत्येक भाषेने ती आपापल्या घरी उलगडावी. स्ट्रक्टच द्यायचा असेल तर सीमध्ये त्याचा आकार कंपाइल होतानाच तपासून घ्यावा. सी भाषेच्या २०११च्या मानकापासून तशी सोय आहे. मार्च २०२४मध्ये आलेल्या जावा २२मध्ये तर रिकाम्या बाइटांसकट सगळी मांडणी जावातच लिहिता येते, पण अँड्रॉइडवर आजही जेएनआयच चालतं.

चाचणीही चाळीस खुणांच्या एकाच सुबक ठशावर थांबवू नये. जावाचा बाइट उणे १२८ ते १२७ एवढंच मोजतो. त्यामुळे खुणांची संख्या १३० असेल आणि प्रोग्रामरने काळजी घेतली नसेल, तर जावाला ती उणे १२६ दिसते. दिशेच्या बाइटाला याचा फटका सहसा बसत नाही, कारण उणे कोन फिरून त्याच जागी येतो. संख्येला बसतो. भेगाळलेल्या त्वचेवर स्कॅनरला खोट्या खुणा भरपूर सापडतात, झिजलेल्या बोटावर खऱ्या खुणाही हाती लागत नाहीत. शून्य, एक, १२७, १२८ आणि २५५ खुणांच्या नोंदी मुद्दाम तयार करून सीमेपलीकडे पाठवाव्यात, परत मागवाव्यात आणि बाइट बाइट ताडून पाहाव्यात.