तान्ह्या बाळाचे पारपत्र आणि गावातील जन्मनोंद

चार महिन्यांच्या बाळाला पारपत्र कशाला हवे, असा प्रश्न आजही अनेकांना पडतो. पूर्वी लहान मुलांची नावे आईच्या किंवा वडिलांच्या पारपत्रात नोंदविली जात आणि तेवढ्यावर त्यांना परदेशप्रवास करता येत असे. ती पद्धत आता राहिलेली नाही. बाळ कितीही लहान असले तरी देशाबाहेर जावयाचे झाल्यास त्याचे स्वतंत्र पारपत्र, म्हणजेच पासपोर्ट, काढावा लागतो. १९६७ च्या पारपत्र अधिनियमानुसार तो केंद्र शासन देते. तथापि त्याचा पाया घातला जातो तो ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या जन्मनोंदवहीत. ग्रामपंचायत सदस्य, ग्रामसेवक व शिक्षक यांचा या विषयाशी संबंध येतो तो त्यामुळेच.

हा संबंध अलीकडे अधिकच घट्ट झाला आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ मध्ये २०२३ साली सुधारणा झाली व ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली. त्यास अनुसरून फेब्रुवारी २०२५ मध्ये पारपत्र नियमही सुधारण्यात आले. आता १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या व्यक्तीच्या जन्मतारखेचा पुरावा म्हणून पारपत्र कार्यालय केवळ जन्म प्रमाणपत्रच ग्राह्य धरते. त्याआधी जन्मलेल्यांना शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखे अन्य पुरावे देता येतात. आजच्या बालकांना ती सवलत नाही.

माहेरची नोंद

आपल्याकडे पहिल्या बाळंतपणासाठी लेक माहेरी येते. बाळाची नोंद सासरच्या गावी, वडिलांच्या पत्त्यावर होईल असे कुटुंबीय गृहीत धरतात आणि घोटाळ्याची सुरुवात येथेच होते. कायद्याप्रमाणे नोंद व्हावयाची ती जन्म जेथे झाला त्या ठिकाणी. रुग्णालयातील जन्माची माहिती देण्याची जबाबदारी तेथील प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्यावर असते, घरी झालेल्या जन्माची कुटुंबप्रमुखावर. मुदत आहे २१ दिवसांची. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते. पुढे वर्षभरापर्यंत जिल्हा निबंधकांची लेखी परवानगी लागते. आणि वर्ष उलटले की जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकारी यांच्या आदेशावाचून काही होत नाही. २१ दिवसांत जे काम ग्रामपंचायतीच्या ओट्यावर होते, त्यासाठी वर्षानंतर तालुक्याचे व जिल्ह्याचे उंबरठे झिजवावे लागतात.

नोंद वेळेत झाली म्हणजे सारे झाले असेही नाही. बाराव्या दिवशी बारसे होते, आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, पेढे वाटले जातात. ते नाव नोंदवहीपर्यंत मात्र पोहोचत नाही! रुग्णालयातून माहिती जाते तेव्हा बाळाचे नाव ठरलेले नसते, म्हणून तो रकाना कोरा राहतो. कोऱ्या रकान्याचे प्रमाणपत्र पारपत्राच्या कामी उपयोगाचे नाही. कायद्याने यासाठी भरपूर मुदत दिलेली आहे. नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते आणि त्यापुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. परंतु मुदत लांब असली की माणसे विसरतात, आणि प्रवासाची वेळ आली म्हणजे आठवण होते.

समजा, रत्नागिरी जिल्ह्यातील एका मुलीचा नवरा मस्कतला नोकरीस आहे. बाळ आजोळी जन्मले, सहा महिन्यांनी मायलेकरांनी तिकडे जाण्याचे ठरले. प्रमाणपत्र काढून पाहावे तो बाळाचे नाव कोरे, आणि आईचे नाव माहेरचे! तिच्या आधारपत्रावर सासरचे नाव, तेही लग्नात बदललेले. कागदोपत्री या दोन निराळ्या स्त्रिया ठरतात. वडिलांच्या नावापुढे कोठे ‘राव’ लागतो, कोठे गळतो. रोमन लिपीतील अक्षरे तर दर कागदावर वेगळी. अशी चूक निबंधकास दुरुस्त करता येते. अधिनियमाच्या कलम १५ अन्वये मूळ नोंद न खोडता समासात दुरुस्ती करून त्यावर दिनांकासह स्वाक्षरी करावयाची असते. ग्रामपंचायतीतील निबंधकांनी, म्हणजे ज्यांना आपण ग्रामसेवक म्हणून ओळखतो त्यांनी, नोंद घेतानाच आई-वडिलांची ओळखपत्रे समोर ठेवून अक्षरे ताडून पाहिली तर त्या मायलेकरांचे तिकीट रद्द होण्याची वेळ येत नाही. याला पाच मिनिटे लागतात.

पारपत्र कार्यालयात

पुढची वाट पुष्कळ सोपी झाली आहे. अर्ज संगणकावरून भरून, शुल्क देऊन भेटीची वेळ घ्यावी लागते. २०१७ पासून अनेक डाकघरांतही पारपत्र सेवा केंद्रे उघडली असल्याने मोठ्या शहरास जाण्याची गरज बऱ्याच कुटुंबांना उरलेली नाही. बालकाच्या पारपत्राचे शुल्क १,००० रुपये असून आठ वर्षांखालील मुलांच्या नव्या अर्जास त्यात दहा टक्के सूट आहे.

आई-वडिलांची संमती हा यातील महत्त्वाचा भाग होय. दोघांनी ‘परिशिष्ट ड’ मधील घोषणापत्रावर सही करावयाची असते. ते साध्या कागदावर चालते. २०१६ च्या अखेरीस झालेल्या बदलानंतर नोटरीची आवश्यकता राहिलेली नाही. एका पालकाने दुसऱ्याच्या नकळत मूल देशाबाहेर नेऊ नये, हा या संमतीमागील हेतू आहे. वडील परदेशी असल्यास सामान्यतः तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेले त्यांचे शपथपत्र जोडावे लागते. परित्यक्ता, घटस्फोटित वा एकट्या मातेची अडवणूक होऊ नये म्हणून ‘परिशिष्ट क’ ची सोय आहे आणि अर्जात आई किंवा वडील यांपैकी एकाचेच नाव दिले तरी चालते. गावातील अशा मातेस ही गोष्ट कोणी सांगत नाही. शिक्षकांनी ती अवश्य सांगावी.

भेटीच्या दिवशी बाळास सोबत नेणे सक्तीचे आहे. चार वर्षांखालील मुलांचे छायाचित्र घरूनच न्यावयाचे असते, तेही पांढऱ्या पार्श्वभूमीवर काढलेले, साडेचार गुणिले साडेतीन सेंटिमीटर आकाराचे. बाळाला पांढऱ्या चादरीवर निजवून, डोळे उघडे असतील असा क्षण गाठावा, हे सांगणे सोपे आहे, छायाचित्रकाराला विचारावे.

बालकाचे पारपत्र पाच वर्षांसाठी किंवा अठराव्या वर्षापर्यंत, यांपैकी जे आधी संपेल तोवर वैध असते. पाच वर्षांत चेहरा ओळखू न येण्याइतका बदलतो. सहा महिन्यांच्या बाळाचे पारपत्र ते पहिलीच्या वर्गात जाण्याच्या सुमारास संपते, आणि तेव्हा आई-वडिलांच्या सह्या पुन्हा घ्याव्या लागतात.