युद्धनौकेचे जतन : नाव आणि देह

वारसा म्हटला की नागरा येथील प्राचीन शिवमंदिरासारखी दगडी वास्तू आपल्या डोळ्यांसमोर येते. युद्धनौकाही वारसाच असते. परंतु तिचे जतन अधिक अवघड असते. ते का, हे या घटकात पाहू.

प्रथम तीन संज्ञा लक्षात घ्या. बांधलेली नौका प्रथम पाण्यात उतरते, ते ‘जलावतरण’. सागरी चाचण्यांनंतर ती विधिपूर्वक नौदलात दाखल होते, तो ‘ताफ्यातील समावेश’. सेवाकाल संपला की होते ती ‘सेवानिवृत्ती’.

मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या ‘वागशीर’ या पाणबुडीचे जलावतरण २० एप्रिल २०२२ रोजी झाले. नौदलात ती १५ जानेवारी २०२५ रोजी दाखल झाली. तिचे नाव मात्र जुने आहे. १९७४ मध्ये दाखल झालेली पहिली ‘वागशीर’ १९९७ मध्ये निवृत्त झाली होती. निवृत्त नौकेचे नाव नव्या नौकेस देण्याची ही नौदलीय परंपरा होय.

नाव असे सहज पुढे जाते. देहाचे तसे नाही. भारताची पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ १९६१ मध्ये दाखल झाली. १९७१ च्या युद्धात तिच्या विमानांनी पूर्व पाकिस्तानातील बंदरांवर हल्ले केले. १९९७ मधील निवृत्तीनंतर ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. परंतु खाऱ्या पाण्यात पोलाद सतत गंजते. तळाची दुरुस्ती करायची तर एवढे अवाढव्य जहाज सुक्या गोदीत न्यावे लागते. हा खर्च कायमचा उचलणारे कोणी पुढे आले नाही. २०१४ मध्ये तिचा लिलाव झाला आणि ती भंगारात निघाली. २०२२ मध्ये कोची येथे नवी ‘विक्रांत’ दाखल झाली. जुनीच्या डेकवर उभे राहण्याची संधी मात्र कायमची गेली.

याउलट, २००१ मध्ये निवृत्त झालेली ‘कुरसुरा’ ही पाणबुडी विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर ओढून घेण्यात आली. २००२ पासून ती संग्रहालय म्हणून खुली आहे. आकाराने लहान आणि पाण्याबाहेर असल्याने तिची निगा आवाक्यात राहिली.

यावरून स्पष्ट होते की, जतनाची जागा आणि निधी यांचा निर्णय निवृत्तीच्या वेळीच व्हावयास हवा. विलंबाचा प्रत्येक पावसाळा पोलाद झिजवीत असतो.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न : ‘नावाचे जतन हा देहाच्या जतनाला पर्याय ठरू शकतो काय?’ वरील उदाहरणांच्या आधारे आपले मत लिहा.