सुई, सेल आणि बुरडाची करंडी

रमजानचे शेवटचे दहा दिवस म्हणजे शिवणकाम करणाऱ्या घरात रात्र आणि दिवस एकच. आमच्या चंद्रपूरच्या घरीही तसेच असते. अम्मी आणि बाजी दोघी मशीनवर, पलंगावर कापडाचे तुकडे, आणि सगळा बारीक माल बिस्किटांच्या एका गोल पत्र्याच्या डब्यात. तसा डबा कोणत्या घरात नाही? बिस्किटे समजून उघडावा तर आत दोरे! गेल्या ईदच्या चार दिवस आधी बाजीच्या पावणेदोन वर्षांच्या मुलालाही बिस्किटेच वाटली. झाकण सैल होते. आत हुक, बटणे, मोती, मोडक्या सुया आणि कुणीतरी 'पुढे लागेल' म्हणून टाकलेला रिमोटचा चपटा गोल सेल. नेमका तोच त्याने तोंडात घातला. ओठांत चकाकताना दिसला म्हणून बाजीने लगेच काढून घेतला. अल्लाहचे लाख लाख शुक्र!

सुई टोचली तर रक्त दिसते, मूल रडते. सेलचे तसे नाही. तो अन्ननलिकेत अडकला तर ओल्या जागी वीज वाहू लागते आणि दोन तासांच्या आत आतली त्वचा भाजून निघू शकते. रिमोट चालवायला निकामी झालेला सेलही एवढे करतो. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायला न बसता सरळ एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे लागते. चंद्रपुरात ते शक्य आहे. पण भामरागडच्या घराला गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय दीडशे किलोमीटरहून दूर! म्हणून बारीक वस्तू कशात ठेवायच्या हा प्रश्न आम्हाला आता फक्त टापटिपीचा वाटत नाही.

त्याच रात्री सहेरीपर्यंत आम्ही घरातले सगळे डबे एका चादरीवर रिकामे केले. सात कात्र्या निघाल्या, त्यांतल्या दोन चालणाऱ्या. सुटलेल्या तस्बीहचे मणी, बटणांची अर्धी पाकिटे, कुलूप हरवलेल्या चाव्या, चाव्या हरवलेली कुलुपे, बॉबिन, लेसचे वीतभर तुकडे आणि एका पुडीत नॅप्थलिनच्या गोळ्या. गोळ्या दिसायला अगदी पेपरमिंटसारख्या, आणि डबा गोळ्या-बिस्किटांचाच! खाऊच्या डब्यात विषारी वस्तू ठेवायची नाही, हे त्या रात्री ठरले.

दुसऱ्या दिवशी बाजारातून एकसारख्या प्लास्टिक डब्यांचा संच आणायचा विचार होता. अम्मी म्हणाल्या, "पहिले सामान तर बघा, डबे मग बघू." त्यांचे खरे होते. मोठा डबा आणला की तो भरायला सामान आपोआप जमते. आम्ही आधी ढीग केले आणि प्रत्येक ढिगाला काय बाधते ते पाहिले. सुईला ओल, जरीला रबर, दोऱ्याला ऊन, सेलला मूल. डबा त्यावरून ठरला.

सुयांचेच घ्या. आमच्याकडे जूनपासून चार महिने भिंतीसुद्धा घामेजतात. पाऊस सुरू असताना हवाबंद डबी लावली तर दमट हवाही आतच बंद होते, आणि ऑगस्टपर्यंत सुयांवर तांबूस ठिपके. दादी आपल्याच केसांचा गुंता कापडात भरून सुईगादी करायच्या, केसांच्या तेलकटपणामुळे सुया गंजत नसत. आम्ही पुन्हा तेच केले आहे. ज्यांना हे आवडणार नाही त्यांनी नव्या बुटांच्या खोक्यात येणारी ओल शोषणारी पुडी डबीत टाकावी. पण त्या पुडीपासूनही मुलाला दूर ठेवावे. मोडकी सुई कचऱ्यात किंवा गादीखाली नको, तिला औषधाच्या रिकाम्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत जागा द्या.

जरीच्या आणि गोट्याच्या गुंडीला रबर बँड लावायची सवय सोडा. रबरात गंधक असते, त्याने चांदीचा धागा काळा पडतो. धुतलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळून दोऱ्यानेच बांधा.

प्लास्टिकला आमचा विरोध नाही. आत काय आहे ते न उघडता दिसते, हा मोठा फायदा आहे. पण डबा घेताना पालथा करून बघावा. तळाला त्रिकोणात ५ आकडा असेल तर तो पॉलिप्रॉपिलीनचा, झाकणाची घडी हजारदा उघडली तरी सहसा तुटत नाही. ६ आकडा असलेले काचेसारखे कडक डबे दिसायला सुरेख, पण एकदा हातातून पडले की तडा. आणि मे महिन्यात, पारा ४५ च्या वर गेल्यावर, टिनाच्या छपराखालच्या फळीवर ठेवलेली आइस्क्रीमची डबी दोन उन्हाळ्यांत कडकडीत होते. आमच्या झाकणांचे तुकडे याच कारणाने झाले.

उरलेला माल म्हणजे लोकर, दोऱ्यांची रिळे, कापडाचे तुकडे, विणायच्या टोप्यांचे काम. याला हवा लागते. देसाईगंजच्या आमच्या खालांकडे यासाठी झाकणाची बांबूची करंडी आहे, अनेक पावसाळे पाहिलेली, पिवळीधमक. आम्ही आठवडी बाजारातून आणलेली टोपली मात्र वर्षभरात पोकळ झाली होती. खाली रोज पिठासारखी भुकटी सांडायची. एकाच जंगलाचा बांबू, मग एवढा फरक का?

उत्तर आम्हाला खालांच्या ओळखीच्या बुरड मावशींच्या ओट्यावर मिळाले. त्या विणत होत्या आणि आम्ही विचारत होतो. बांबूतला किडा बांबूमधल्या पिठूळ अंशावर जगतो. कोवळ्या बांबूत तो किडा लवकर शिरतो, म्हणून बांबू तीन-चार वर्षांचा जून हवा, आणि पावसाळा संपून थंडी पडल्यावर तोडलेला हवा. मग तो वाहत्या पाण्यात किंवा बोडीत भिजत ठेवला की तो अंश बराचसा निघून जातो. कामट्या पाठीच्या की पोटाच्या, हेही बघायचे. बांबूची बाहेरची, गुळगुळीत बाजू म्हणजे पाठ. आतली मऊ बाजू म्हणजे पोट. पोटाच्या कामट्या स्वस्त पडतात आणि किडा पहिला त्यांनाच लागतो. "घेताना पालथी करा, ठोका, पांढरे पडते का बघा," मावशी म्हणाल्या. इतक्या वर्षांत बाजारात हे आम्ही कधी केले नव्हते. भाव मात्र नेहमी केला!

हल्ली बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात बांबू मुरवण्याची पद्धतही आहे. मूलच्या रस्त्यावर चिचपल्लीला २०१४ पासून राज्य सरकारचे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. आपल्या घरातल्या मुलींनी या कामाची चौकशी करायला हरकत नाही. शिवणाऱ्या हाताला विणणे अवघड जात नाही.

मावशींची तक्रार वेगळी होती. चांगला बांबू मिळतच नाही म्हणाल्या. ऐकून नवल वाटते, कारण गडचिरोली जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग जंगलच आहे. पण वर्षानुवर्षे इथला बांबू कागद गिरण्यांकडे जात राहिला, आणि कायद्याने तो झाड ठरल्याने तोडणे-नेणे वनखात्याच्या परवान्यावर होते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू गावाबाहेर नेण्याचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती पडायला २७ एप्रिल २०११ उजाडले. तो द्यायला केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले होते. पुढे २०१७ मध्ये जंगलाबाहेर वाढलेला बांबू कायद्याच्या 'झाड' या व्याख्येतून निघाला. पण बुरडाकडे ना शेत, ना ग्रामसभेचे जंगल. त्याने चार-सहा बांबूंसाठी रांगेतच उभे राहायचे. मग मिळेल तो कोवळा बांबू, पोटाच्या कामट्या, आणि वर्षात पोकळ होणारी टोपली. गिऱ्हाईक म्हणते, यापेक्षा प्लास्टिक बरे. आम्हीही तेच म्हणत होतो.

या वेळी आम्ही मावशींना दोन करंड्या आधी सांगून, निम्मे पैसे हातावर ठेवून विणायला दिल्या. जून बांबू, पाठीच्याच कामट्या, आणि झाकण घट्ट बसणारे. झाकणाचा आग्रह नटण्यासाठी नाही. जंगलाच्या जिल्ह्यात जमिनीवर उघडी टोपली ठेवली की पावसाळ्यात विंचू आत येऊन बसतो, आणि न बघता हात घालतो तो लोकर काढणाराच! करंडी घरी आली की एक दिवस उन्हात, मग आतून मांजरपाटाचे अस्तर टाक्यांनी बसवायचे, म्हणजे कामटीच्या कुसात लोकर अडकत नाही. जागा फळीवर, भिंतीला न चिकटवता. पावसाळ्यात उघडीप मिळाली की झाकण काढून पुन्हा ऊन दाखवायचे.

राहिला अगदी बारीक माल. बटणे, हुक, टिकल्या, मोती. त्यासाठी काहीच विकत आणावे लागले नाही. दादींचे पितळी पानदान माळ्यावर पडून होते. घरात आता पान कुणी खात नाही. चुना, कात, सुपारी, लवंग, प्रत्येकाची वेगळी वाटी, वर ताटली, त्यावर कडीचे झाकण. आमच्या मते बारीक वस्तू ठेवायला याहून चांगली रचना नाही. चिंचेने घासले, दोन दिवस कोरडे होऊ दिले. चुन्याच्या वाटीत आता पांढरी बटणे, कातेच्या वाटीत हुक. कडीला छोटे कुलूप आहे आणि किल्ली अम्मींच्या ओढणीला.

सेल मात्र पानदानात नाहीत. नवे सेल त्यांच्या पाकिटातच, कपाटाच्या सर्वांत वरच्या खणात. संपलेला सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून त्याच दिवशी घराबाहेर. बिस्किटांचा तो गोल डबा बाजीच्या मुलाला दिला आहे. आता त्यात खरोखर बिस्किटे असतात.