दर सोळा मिनिटांना एक प्रश्न

एडिंबरा शहरात, आर्थर्स सीट नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी होलीरूड नावाचा भाग आहे. तिथे स्कॉटलंडची संसद भरते. सदस्य किती? फक्त १२९. आपल्या विधानसभेत २८८ आमदार बसतात, म्हणजे त्यांचे सभागृह आपल्या निम्मेही नाही. आणि या १२९ खुर्च्यांमधून पहिल्या पंचवीस वर्षांत सरकारला लेखी प्रश्न किती गेले असतील? हजार? दहा हजार? थांबा. दीड लाखाहून जास्त!

दीड लाख हा आकडा तोंडाने म्हणायला सोपा आहे, डोळ्यांपुढे आणायला फार अवघड. चला, आपण तो मिळून मोजू.

आधी या सरकारचा आकार बघू. स्कॉटलंड हा ब्रिटनचाच भाग. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, चलन ही खाती लंडनकडे. शाळा, इस्पितळे, पोलीस, न्यायालये, शेती, रस्ते ही एडिंबराकडे. २०२२ च्या जनगणनेत स्कॉटलंडची लोकसंख्या भरली ५४ लाखांच्या वर. आपल्या एकट्या नाशिक जिल्ह्यात २०११ साली ६१ लाख माणसे होती! म्हणजे नाशिक जिल्ह्याहून कमी माणसांची ही संसद. तिथे साधारण ४२ हजार लोकांमागे एक प्रतिनिधी, आपल्याकडे २०११ च्या लोकसंख्येने जवळजवळ ३ लाख ९० हजारांमागे एक आमदार.

आणि ही संसद वयाने किती लहान! जुनी स्कॉटिश संसद १७०७ साली उठली ती उठलीच. १७०७ म्हणजे औरंगजेबाने नगरजवळच्या भिंगारला शेवटचा श्वास घेतला ते साल. त्यानंतर शाहू महाराज सुटून आले, साताऱ्याची गादी झाली, पेशवाई आली, अटकेपार झेंडे गेले, पानिपत झाले, पेशवाई बुडाली, इंग्रज आले, इंग्रज गेले, संयुक्त महाराष्ट्र झाला, आणि तरी एडिंबराची संसद बंदच होती. २९२ वर्षे! स्कॉटिश कारभारावर प्रश्न विचारायचा तर लंडन गाठायचे. अखेर ११ सप्टेंबर १९९७ रोजी सार्वमत झाले, ७४.३ टक्के लोकांनी हो म्हटले, आणि १२ मे १९९९ रोजी नवी संसद पहिल्यांदा बसली.

बसली आणि विचारू लागली! पहिला कार्यकाळ चार वर्षांचा, १९९९ ते २००३. त्यात लेखी प्रश्नांचा क्रमांक तीस हजार ओलांडून गेला. दुसरा कार्यकाळ, पुन्हा चार वर्षे, पुन्हा तीस हजारांच्या पुढे. तिसरा, पुन्हा तेच. पाचव्यात तेच, सहाव्यात तेच. हे पाच कार्यकाळच दीड लाख पार करतात. चौथ्याचे हजारो प्रश्न अजून आपण धरलेलेच नाहीत.

आता एका कार्यकाळाचे गणित मांडू. चार वर्षांत तीस हजार. सुट्ट्या वगळून वर्षाचे कामाचे दिवस अडीचशे धरा. चार वर्षांचे झाले हजार. तीस हजार भागिले हजार, म्हणजे कामाच्या दिवसाला तीस प्रश्न. आठ तासांचा दिवस म्हणजे ४८० मिनिटे. भागा तीसने. दर सोळा मिनिटांना एक प्रश्न! डेक्कन क्वीन मुंबईहून निघून पुण्याला टेकेपर्यंत सव्वातीन तास जातात. तेवढ्यात बारा प्रश्न सरकारच्या दारात येऊन पडलेले असतात. पुण्याच्या फलाटावर पाय ठेवताना बारावा.

विचारणारे तरी किती? १२९ मधून मंत्री आणि सभागृहाचे अध्यक्ष वगळले तर उरतात साधारण शंभर. शंभर जणांनी तीस हजार, म्हणजे चार वर्षांत माणशी तीनशे. लेखी प्रश्नांना संख्येची मर्यादाच नाही. एका सदस्याने एका दिवसात एक विचारावा, दहा विचारावेत, त्याची तयारी आणि त्याची चिकाटी.

उत्तराची मुदत? दहा कामाचे दिवस. संसदेला मोठी सुट्टी असेल तर वीस. रोजचे तीस प्रश्न आणि दहा दिवसांची मुदत, म्हणजे कुठल्याही सकाळी सरकारच्या टेबलावर तीनशे प्रश्न उत्तराची वाट पाहत असतात. सोमवारी तीस निकाली काढा, सोमवारीच तीस नवे हजर! आणि प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक. एस६डब्ल्यू अशी अक्षरे दिसली की समजायचे, सहाव्या कार्यकाळातला लेखी प्रश्न. डब्ल्यूच्या जागी ओ असेल तर तोंडी, एफ असेल तर थेट फर्स्ट मिनिस्टरला, म्हणजे तिथल्या मुख्यमंत्र्यांना. प्रश्न छापला जातो, उत्तर छापले जाते, आणि दोन्ही कुणालाही वाचता येतात.

हे सगळे कागदावर मांडले तर? प्रश्नाला एक कागद आणि उत्तराला एक कागद धरू. दीड लाखाचे झाले तीन लाख कागद. नेहमीच्या ए-फोर कागदाची लांबी तीस सेंटिमीटरला जराशी कमी. एकापुढे एक रुळांवर अंथरत चला. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून निघालात की दादर गेले, ठाणे गेले, कल्याण गेले, बदलापूर गेले, आणि नेरळ मागे पडले तरी हातात कागद शिल्लक! ८९ किलोमीटर नुसते प्रश्न आणि उत्तरे.

मोठ्याने वाचायचे ठरवले तर? एका प्रश्नोत्तराला दोन मिनिटे द्या. तीन लाख मिनिटे, म्हणजे पाच हजार तास. रोज सकाळी डेक्कन क्वीनने पुण्याहून मुंबईला जायचे, संध्याकाळी परत यायचे, आणि दोन्ही वेळा मिळून साडेसहा तास वाचत राहायचे. एकही दिवस खाडा न करता दोन वर्षे उलटतील, आणि त्यावर महिनाभर गेल्यावर शेवटचे उत्तर हाती लागेल.

हे झाले फक्त लेखी प्रश्न! तोंडी प्रश्न वेगळेच. मंगळवारी ताज्या घडामोडींवरचे प्रश्न. बुधवारी आणि गुरुवारी खात्याखात्यांचे प्रश्न, आणि त्यात कुणाला संधी मिळणार हे संगणकाच्या सोडतीने ठरते. गुरुवारी दुपारी बाराला सर्वांत मोठा सामना: फर्स्ट मिनिस्टर स्वतः उभे राहतात आणि सुमारे ४५ मिनिटे प्रश्न झेलतात. डोनाल्ड ड्यूअर यांच्यापासून ॲलेक्स सॅमंड, निकोला स्टर्जन, हमझा युसुफ, जॉन स्विनी यांच्यापर्यंत कुणाचीच सुटका नाही. मूळ प्रश्न आधी कळतो, पण त्यामागून येणारा उपप्रश्न कुठून येईल ते सांगता येत नाही.

इतके विचारायचे कशाला? आता पैशाकडे वळू, आणि इथे खरोखर श्वास रोखून धरा.

स्कॉटलंड सरकारचा २०२४-२५ चा अर्थसंकल्प सुमारे ६,००० कोटी पौंडांचा. पौंडाला शंभरच रुपये धरा, भाव त्याहून थोडा जास्तच होता. तरी झाले ६ लाख कोटी रुपये! महाराष्ट्राचा त्याच वर्षाचा अर्थसंकल्पही ६ लाख कोटींच्या आसपासचाच. सव्वाअकरा कोटींच्या राज्याचा पैसा आणि नाशिक जिल्ह्याहून लहान लोकसंख्येचा पैसा, दोन्ही एकाच मापाचे! वाटून टाकला तर स्कॉटलंडच्या माणशी वर्षाला अकरा लाख रुपये. चौघांच्या घराला ४४ लाख. मिनिटाला एक कोटी चौदा लाख खर्च. डेक्कन क्वीन पुण्याला पोचेपर्यंत २२२ कोटी गेले!

पाचशेच्या नोटा करू. एक नोट पंधरा सेंटिमीटर लांब. ६ लाख कोटींच्या नोटा एकापुढे एक लावल्या तर १८ लाख किलोमीटर. चंद्र आहे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. म्हणजे चंद्रापर्यंत जा, परत या, पुन्हा जा, पुन्हा परत या, आणि तिसऱ्या खेपेला अर्ध्याहून जास्त वाट गेल्यावर नोटा संपतील. हे एका वर्षाचे!

एवढ्या पैशात चूक झाली तर ती लहान राहत नाही. खुद्द संसदेच्या इमारतीचेच बघा. १९९७ साली अंदाज होता एक ते चार कोटी पौंडांचा. २००४ साली ती उघडली, आणि अखेरचा हिशेब निघाला ४१ कोटी ४० लाख पौंड. आपल्या रुपयांत चारशे कोटींचे चार हजार एकशे चाळीस कोटी, दहापट! लॉर्ड फ्रेझर यांची चौकशी बसली आणि कुठे काय बिघडले ते जाहीरपणे लिहिले गेले. दुसरे उदाहरण जहाजांचे. बेटांसाठीच्या दोन प्रवासी जहाजांचे कंत्राट २०१५ साली ९ कोटी ७० लाख पौंडांना दिले गेले. त्यातले ग्लेन सॅनॉक्स नोव्हेंबर २०१७ मध्ये पाण्यात उतरले, आणि प्रवासी घेऊन पहिल्यांदा निघाले जानेवारी २०२५ मध्ये. सात वर्षांनी! तोवर दोन्ही जहाजांचा खर्च चौपटीच्या घरात गेला होता. या सात वर्षांत सभागृहाने हा विषय सोडला नाही. किती झाले, का झाले, कोण जबाबदार, पुढची तारीख कोणती, हे पुन्हा पुन्हा विचारले गेले, आणि प्रत्येक उत्तर छापून नोंदले गेले. आज खर्चाचा आणि उशिराचा सगळा माग काढता येतो तो या प्रश्नांच्या नोंदींमुळेही.

आता दोन्ही आकडे एकमेकांशेजारी ठेवा. वर्षाला ६ लाख कोटी रुपये. वर्षाला साडेसात हजार लेखी प्रश्न. भागा! एका प्रश्नाच्या वाट्याला ८० कोटी रुपयांची राखण. एक कागद, चार ओळी, आणि ८० कोटींवर नजर! गुरुवारच्या त्या ४५ मिनिटांचे करून बघा. वर्षाचे ३५ गुरुवार धरले तर जेमतेम २६ तास होतात, आणि त्यातल्या एकेका मिनिटामागे ३८१ कोटी रुपये उभे असतात. फर्स्ट मिनिस्टर पाण्याचा घोट घ्यायला दहा सेकंद थांबले तर तेवढ्यात ६३ कोटींचा हिशेब विचारायचा राहतो!

म्हणून दीड लाख हा आकडा मला मोठा वाटतो, पण जास्त वाटत नाही. चंद्रापर्यंत दोनदा जाऊन येणाऱ्या पैशावर नजर ठेवायला नेरळपर्यंतचे कागद लागणारच. सरकारवर नजर ठेवायचे प्रश्नाहून स्वस्त साधन माणसाने अजून शोधलेले नाही.

आपल्याकडेही तारांकित प्रश्न आहेत, अतारांकित आहेत, लक्षवेधी सूचना आहेत. राज्याच्या पैशावर नजर ठेवायची हत्यारे आपल्या २८८ आमदारांच्या हातात आहेतच. तेव्हा पुढच्या वेळी तुमचे आमदार भेटले की त्यांना एकच विचारा: गेल्या अधिवेशनात तुम्ही किती प्रश्न मांडले, आणि किती उत्तरे मिळाली? आकडा मागा. आणि तुमच्या गावच्या रस्त्याचा, शाळेचा, दवाखान्याचा एक प्रश्न लिहून त्यांच्या हातात द्या.